चौदा वर्षांचं बिऱ्हाड: टोकियोहून पुण्याला परतलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

जपान सोडताना कागदपत्रांसाठी या कुटुंबाला थोडी मदत केली, तेव्हापासून हे प्रकरण जवळून पाहतो आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. तारखा आणि नियम मात्र त्या त्या वेळचे आहेत.

पार्श्वभूमी

नवरा सॉफ्टवेअरमधला, कोथरूडचा. 2009 मध्ये कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी म्हणून टोकियोला पाठवलं. काही महिन्यांनी बायको आणि दोन वर्षांचा मुलगा आले आणि एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत बिऱ्हाड मांडलं गेलं. इथे भारतीयांची वस्ती उगाच झालेली नाही. 2000 सालच्या वाय-टू-के दुरुस्तीच्या लाटेत जे अभियंते आले, त्यांना इथून तोझाई लाइनने ओतेमाची, कायाबाचोच्या बँकांपर्यंत थेट जाता यायचं. शिवाय यू.आर. या निमसरकारी गृहसंस्थेच्या वसाहतीत जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला 'की मनी', म्हणजे परत न मिळणारी रक्कम, द्यावी लागत नाही. खासगी घरमालक परदेशी भाडेकरू म्हटलं की मान हलवत, अशा शहरात हे फार मोठं होतं.

धाकटी फेब्रुवारी 2011 मध्ये टोकियोतच जन्मली. ती जेमतेम महिन्याची असताना 11 मार्चचा भूकंप झाला, मागोमाग फुकुशिमा. दूतावासातून घाईने तिचा पासपोर्ट काढून चौघं पुण्याला आली. घरच्यांनी परत जाऊ नका म्हणून सांगितलं, पण सहा-सात आठवड्यांत ती परत गेली. बायको म्हणते, पहिल्यांदा आम्हाला पाठवलं होतं, दुसऱ्यांदा आम्ही गेलो. टोकियो 'आपलं' झालं ते तिथून.

पुढे थोरला भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत गेला आणि धाकटी वसाहतीला लागून असलेल्या जपानी सरकारी शाळेत. एकाच घरात दोन शाळा हा निर्णय तेव्हा फीच्या हिशोबाने झाला होता. त्याचे परिणाम काही वर्षांनी दिसले. बायको एका पाळणाघरात मदतनीस म्हणून लागली. 2019 मध्ये चौघांना कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. त्याच वर्षी योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि निशी-कासाईतल्या मराठी घरांत पेढे वाटले गेले. पण ते उभे राहू शकले कारण त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं होतं. कायम परवाना असलेल्याला तिथे मतही देता येत नाही.

अडचण

मे 2021 मध्ये आजोबांना, म्हणजे नवऱ्याच्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. पुण्यात करोनाची दुसरी लाट होती. आजी एकटी, रुग्णालयात एका वेळी एकालाच प्रवेश. नवऱ्याने तिकीट पाहायला घेतलं आणि त्याच आठवड्यात जपानने भारतातून येणाऱ्या परदेशी रहिवाशांना पुन्हा प्रवेश नाकारायचं ठरवलं. 14 मेपासून ते लागू झालं. विशेष कारण मान्य झाल्याशिवाय कायम परवानावाल्यांनाही सूट नव्हती. गेला असता तर बायको-मुलं तिकडे आणि तो इकडे, किती महिने ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तो गेला नाही. रात्री पुण्याहून दहाला फोन आला की टोकियोत दीड वाजलेला असायचा. तो जिन्यात जाऊन बोलायचा, मुलं जागी होऊ नयेत म्हणून.

आजोबा वाचले, उजवा हात आणि बोलणं गेलं. सप्टेंबरात बंदी उठल्यावर तो जाऊन आला. आल्यावर बायकोला म्हणाला, "आपण इथले आहोत असं आपल्याला वाटतं. त्यांना वाटायला हवं ना." या वाक्यात थोडा राग होता आणि माझ्या मते थोडा अन्यायही. अनेक देशांनी त्या काळात असंच केलं, आणि पाळणाघरातल्या सहकारी बायकांनी त्या चार महिन्यांत या घराला जे सांभाळलं ते कुठल्या नियमात बसणारं नव्हतं. पण परतायचा विषय निघाला तो इथेच.

पर्याय

सगळ्यात आधी आई-वडिलांना टोकियोला आणायचा विचार झाला, आणि तो सगळ्यात आधी बाद झाला. जपानमध्ये आई-वडिलांसाठी सर्वसाधारण व्हिसाच नाही. उच्च कौशल्याच्या व्हिसावर असलेल्यांना सात वर्षांखालचं मूल सांभाळण्यासाठी किंवा गरोदरपणात आई-वडिलांना बोलावता येतं. यांचा तो व्हिसाही नव्हता आणि मुलंही मोठी झालेली. बाकी उरतो नव्वद दिवसांचा भेटीचा व्हिसा. बोलता न येणाऱ्या माणसाला दर तीन महिन्यांनी विमानात बसवायचं, हे कुणी मोठ्याने म्हटलंसुद्धा नाही.

दुसरा पर्याय, नवऱ्याने टोकियोत राहायचं आणि बाकी तिघांनी पुण्याला जायचं. पैशाच्या दृष्टीने हाच सगळ्यात चांगला. बायकोने साफ नाही म्हटलं. "तुझे आई-वडील मी सांभाळीन, पण तू नसताना नाही."

तिसरा पर्याय, दिवसभराची बाई आणि नर्स ठेवून वर्षातून तीनदा जाऊन यायचं. हा त्यांनी वर्षभर चालवूनही पाहिला. आजीने एकदाही तक्रार केली नाही, आणि नेमकं तेच नवऱ्याला सहन होईना.

जपानी नागरिकत्वाचाही विषय निघाला. दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडावा लागला असता. ते दोघांनाही नको होतं. ऑक्टोबर 2022 मध्ये चौघांनी परतायचं ठरलं. कंपनीच्या हिंजवडीतल्या कार्यालयात जागा मिळाली, पगार बराच कमी.

पहिला निर्णय: डिसेंबर की मार्च

जपानमध्ये रहिवासी कर 1 जानेवारीला तुमचा पत्ता कुठे आहे त्यावर ठरतो. करपात्र उत्पन्नाच्या साधारण 10 टक्के, आणि आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर. 31 डिसेंबरच्या आत देश सोडला तर त्या वर्षाच्या उत्पन्नावरचा रहिवासी कर लागतच नाही. मार्चमध्ये निघालात तर मेपर्यंतचे राहिलेले हप्ते शेवटच्या पगारातून एकदम कापले जातात आणि जूनपासूनच्या नव्या बिलासाठी तिथे राहणारा कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. त्यामुळे ओळखीतला प्रत्येक जण त्यांना सांगत होता, डिसेंबरात निघा.

नवराही त्याच मताचा होता. अडत होतं थोरल्यावर, त्याची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. त्याला मित्राच्या घरी ठेवून बाकीच्यांनी पुढे जायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. मग धाकटीच्या वर्गशिक्षिकेने पालकभेटीत एक गोष्ट सांगितली. धाकटी सहावीत होती. जपानी प्राथमिक शाळा सहावीला संपते आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पदवीदान होतं. त्या दिवशी अख्खा वर्गच एकमेकांचा निरोप घेतो, कारण एप्रिलपासून सगळे वेगवेगळ्या माध्यमिक शाळांत जाणार असतात. डिसेंबरात गेली तर ती एकटी जाईल. मार्चमध्ये गेली तर सगळ्यांबरोबर.

त्यांनी कर भरला. या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात पटलेला निर्णय हाच. 2023 च्या मार्चमध्ये टोकियोत साकुरा फार लवकर फुलला, 22 तारखेला पूर्ण बहर होता. मास्कचे नियमही त्याच महिन्यात सैल झाले होते. शाळेने पदवीदानाला मास्क काढायला मुभा दिली तरी अर्ध्या पोरांनी तो काढला नाही. तीन वर्षं न दाखवलेलं तोंड एकदम सगळ्यांसमोर दाखवायचं म्हणजे बारा वर्षांच्या मुलांना लाज वाटणारच. धाकटीने काढला. वर्गाने तिला योसेगाकी दिला, म्हणजे चौकोनी जाड पुठ्ठ्यावर गोलाकार लिहिलेले सगळ्यांचे निरोप. एका मुलाने फक्त 'पावभाजी' असं जपानी कातकाना लिपीत लिहिलं होतं. तिच्या वाढदिवसाला तो दरवर्षी यायचा.

दुसरा निर्णय: परवाना ठेवायचा की सोडायचा

खरी भांडणं इथे झाली. कायम परवाना असलेला माणूस पुनःप्रवेशाची परवानगी न घेता गेला तर परवाना जातो. विमानतळावरच्या चिठ्ठीवर खूण केली तर एक वर्षाची विशेष परवानगी मिळते, पण ती बाहेरून वाढवता येत नाही. आधी इमिग्रेशन कार्यालयात जाऊन रीतसर परवानगी घेतली तर ती जास्तीत जास्त पाच वर्षांची असते.

नवऱ्याचं म्हणणं, दहा वर्षं घाम गाळून मिळालेली गोष्ट आहे, मुलांना पुढे शिकायला यायचं झालं तर दार उघडं राहील. बायकोचं म्हणणं, "2021 मध्ये ज्या कागदाने तुला बाबांपर्यंत जाऊ दिलं नाही, तो कशाला सांभाळायचा?" दोघांचंही चुकीचं नव्हतं. शेवटी चौघांची पाच वर्षांची परवानगी काढली. थोरल्याला जूनमध्ये सोळा पूर्ण होणार होती, म्हणून त्याचं रहिवासी कार्ड टोकियो सोडण्याआधीच नवीन करून घेता आलं. सोळाखालच्या मुलांचं कार्ड सोळाव्या वाढदिवसापर्यंतच चालतं आणि नूतनीकरण त्याआधीच्या सहा महिन्यांत होतं. धाकटीचं तेव्हा होणं शक्य नव्हतं. तिची तारीख फेब्रुवारी 2027. ती कॅलेंडरवर लिहून ठेवली गेली आणि विसरली गेली.

मला खटकलं ते वेगळंच. परवानगी हातात आल्यापासून घरातली भाषा बदलली. शेजाऱ्यांना, पाळणाघरातल्या बायकांना, दुकानदाराला, सगळ्यांना "पुढच्या वर्षी येतोच आहोत" असं सांगितलं जाऊ लागलं. निरोप घेण्याचा प्रसंग आला की हे वाक्य पुढे केलं जायचं. शेवटी धाकटीच म्हणाली, "आपण जातोय की नाही ते एकदा नीट सांगा ना." तिला उत्तर मिळालं, "जातोय, पण तसं नाही गं."

निरवानिरव

इथे फार रमण्यात अर्थ नाही, पण परतणाऱ्यांना उपयोगी पडेल असं थोडं सांगतो.

मार्च हा अख्ख्या जपानचा घर बदलायचा महिना. मोठ्या कचऱ्यासाठी वॉर्डाकडे आधी नोंदणी करून 200 आणि 300 येनची चिकटपत्रं लावायची असतात, आणि मार्चमधल्या तारखा फेब्रुवारीतच भरतात. फ्रिज, टीव्ही, एसी आणि वॉशिंग मशीन वॉर्ड घेतच नाही, त्यांचं पुनर्वापर शुल्क वेगळं. विजेच्या वस्तू पुण्याला नेऊन उपयोग नाही, जपानमध्ये 100 व्होल्ट आहेत. तरी भाताचा कुकर नेला, कारण धाकटी त्यावरून जेवली नाही. पुण्यात तो विटेएवढ्या जड ट्रान्सफॉर्मरवर चालतो आणि त्याची गुणगुण हॉलपर्यंत ऐकू येते. सायकलसुद्धा नुसती देऊन टाकता येत नाही. पोलिसांकडे तिची नोंद असते, ती नव्या मालकाच्या नावावर करावी लागते, नाहीतर बिचाऱ्याला पहिल्याच नाक्यावर थांबवतात.

यू.आर.चा माणूस घर तपासायला आला तेव्हा त्याने स्वयंपाकघरातल्या पंख्याची जाळी काढून उजेडात धरली. चौदा वर्षांच्या फोडण्यांचा तेलकट थर होता, खाली हळदीचा पिवळा. तो काही बोलला नाही, फक्त लिहून घेतलं. बायकोला त्या क्षणी रडू आलं आणि तो माणूस घाबरून माफी मागायला लागला, त्याला वाटलं पैशामुळे.

पेन्शनच्या बाबतीत मित्रांचा सल्ला होता, एकरकमी काढून घ्या. पण दहा वर्षं पूर्ण झालेल्याला एकरकमी मिळत नाही. पासष्टीला पेन्शन मिळते, आणि ती भारतात घेता येते. बायकोचं अनेकांच्या लक्षात येत नाही. तिने पाळणाघरातली कमाई वर्षाला 13 लाख येनच्या आत ठेवली होती, त्यामुळे ती नवऱ्याच्या आधारावर तिसऱ्या वर्गात विमाधारक होती. ती वर्षंही भरल्यासारखीच धरली जातात. तिचीही दहा झाली होती. दोघांच्या निळ्या पेन्शन-पुस्तिका आज कपाटात आजोबांच्या फाइलशेजारी आहेत. ज्यांची वर्षं दहापेक्षा कमी आहेत त्यांनी एकरकमी घेण्याआधी भारत आणि जपानमधला 1 ऑक्टोबर 2016 पासूनचा सामाजिक सुरक्षा करार पाहावा. त्यात दोन्हीकडची वर्षं जोडून पात्रता धरता येते, पण रक्कम उचलली की तिकडची वर्षं पुसली जातात.

पुण्यात

थोरला वर्षभरात रुळला. अभ्यासक्रम तोच, मित्रही पटकन झाले. आता इंजिनिअरिंगला आहे आणि टोकियोचा विषय स्वतःहून काढत नाही.

धाकटीला सातवीत घातलं, वयानुसार. मराठी ती घरी अस्खलित बोलायची, पण वाचता येत नव्हतं, आणि महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यापासून सगळ्याच मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं आहे. हिंदीची तीच गत. पहिल्या सत्रात तिला गणितात सगळ्यात जास्त आणि मराठीत सगळ्यात कमी गुण मिळाले. शाळेत मुलं वर्ग झाडत नाहीत, मावशी झाडतात, हे तिला कितीतरी दिवस खपत नव्हतं. ती मधल्या सुट्टीत स्वतःच्या बाकाखाली झाडायची आणि बाकीच्या पोरी हसायच्या. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आई तिला मुद्दाम घेऊन गेली. ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवरची बाग, तिला बरं वाटेल म्हणून. ती म्हणाली, "छान आहे, पण इथे सगळे शिट्ट्या वाजवणाऱ्या वॉचमनला घाबरतात." पुढे मात्र पुण्यातच जपानी शिकवणाऱ्या एका बाईंकडे ती जाऊ लागली आणि आठवीत असताना पुण्याच्या केंद्रावर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी पास झाली. त्या क्लासमध्ये ती सगळ्यात लहान आणि सगळ्यात पुढे असायची. शाळेतली भीड तिथून मोडली.

नवऱ्याला आजोबांबरोबर दोन वर्षं मिळाली. आजोबा 2025 च्या पावसाळ्यात गेले. त्याबद्दल तो एवढंच म्हणतो की या वेळी जिन्यात उभं राहून बोलावं लागलं नाही.

'पुढच्या वर्षी'चं काय झालं? एकदाही जाणं झालं नाही. मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी, धाकटीच्या 'बाचान', यांनी निघताना पाकिटात पैसे घालून दिले होते. बायकोने परतभेट पाठवायची ती प्रत्यक्षच नेऊ म्हणून ठेवून दिली. पुढे बाचान आपल्या मुलाकडे राहायला गेल्या. 2025 च्या नव्या वर्षाचं शुभेच्छापत्र परत आलं आणि नवा पत्ता यू.आर.च्या कार्यालयाने दिला नाही, ते देऊ शकतही नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

ऑक्टोबरात निर्णय झाल्यावर मार्चपर्यंत धाकटीला रोज अर्धा तास देवनागरी वाचायला बसवता आलं असतं. त्या काळात घरात खोक्यांची यादी रोज व्हायची, पण हे कुणाला सुचलं नाही. तिला सहावीत पुन्हा बसवण्याचा पर्याय शाळेने दिला होता. वर्ष वाया जाईल म्हणून घरच्यांनी तो नाकारला. माझ्या मते तो घ्यायला हवा होता, आणि त्याचं एक कारण तेव्हा कुणालाच दिसलं नव्हतं. सातवीत घातल्यामुळे तिची दहावीची बोर्डाची परीक्षा 2027 च्या फेब्रुवारीतच येते, म्हणजे कार्डाची मुदत संपते नेमकी तेव्हा.

परवान्याबद्दल मी नवऱ्याच्या बाजूचा आहे, ठेवला ते ठीक. पण तो ठेवताना "आपण आता पुण्याला राहणार, टोकियो संपलं, हा कागद पुढच्या कामासाठी आहे" हे मुलांना आणि शेजाऱ्यांना स्वच्छ सांगता आलं असतं. धाकटीला शाळेने नीट निरोप दिला म्हणून ती निदान रडून मोकळी झाली. बायकोला तसा दिवसच मिळाला नाही. पाळणाघरातली शेवटची संध्याकाळ तिने नेहमीसारखी फरशी पुसून संपवली आणि "भेटू" म्हणून आली, कारण तिला खरंच वाटत होतं की भेटू. ती अजूनही त्या बायकांच्या ग्रुपवर रोज फोटो पाहते आणि स्वतः काही टाकत नाही.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत धाकटी आणि बाबा कार्डासाठी टोकियोला जाणार आहेत, दहावीच्या ऐन तयारीत. थोरल्याने परवाना संपला तरी चालेल असं सांगितलंय. चौघांची परवानगी मार्च 2028 ला संपते आणि त्याआधी काय करायचं यावर घरात अजून एकमत नाही. बायको सुरुवातीला येत नाही म्हणाली होती, आजीजवळ कुणीतरी हवं म्हणून. गेल्या आठवड्यात आजीनेच तिच्या तिकिटाचे पैसे काढून दिले.